आमच्या आजीची रोटी राजवाड्यात कशी गेली

नागपूरचा इतिहास कसा लिहितात ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या पुलगावच्या घरात, आमच्याच खाटेवर बसून एक गृहस्थ तो लिहीत होते. म्हणून आता कोणी जाडजूड पुस्तक पुढे करून "आजी, यात लिहिलंय बघा" असं म्हणालं, की मला आधी ती खाट आठवते, आणि तिच्यावर बसण्याआधी त्या गृहस्थांनी अंथरलेलं वर्तमानपत्र आठवतं. छापलेल्या शब्दाला मान द्यावा म्हणतात. देवोत बापडे. त्यांनी तो छापण्याआधी पाहिलेला नसतो.

नागपूरची राजधानी गेली तेव्हाची ही गोष्ट. राज्यांची नवी वाटणी झाली, कचेऱ्या उठल्या, साहेब लोक बोचकी बांधून दुसरीकडे गेले. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधीच आम्ही सगळे पुलगावहून गाडीत कोंबून नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आलो होतो. मायने त्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं धुऊन, घडी करून ठेवलं होतं, ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. म्हणजे कसं, की त्या एका पावसाळ्यानंतर आम्हाला काहीतरी मिळालं होतं आणि नागपूरच्या मोठ्या लोकांचं काहीतरी गेलं होतं. आम्ही आमचं मिळालेलं घेऊन गुमान कामाला लागलो. ते मात्र रडत बसले. आणि रडून झाल्यावर त्यांनी इतिहास लिहायला घेतला. राजधानी गेली तर गेली, आमचं शहर किती जुनं आणि किती थोर होतं ते तरी जगाला कळलं पाहिजे, असं म्हणे त्यांच्या बैठकीत ठरलं.

त्यातले एक वकीलसाहेब. वकिली फारशी चालत नसावी, कारण चालणारा वकील रोट्यांच्या मागे पुलगावपर्यंत येत नाही.

रोटी म्हणजे आमची लांब रोटी. वऱ्हाड-नागपूरकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. गव्हाचं पीठ फडक्यातून गाळून घ्यायचं. मग ते इतकं सैल भिजवायचं की नवशिकीने पाहिलं तर म्हणेल, बाई, हे तर वाया गेलं. ते आपटायचं. पुन्हा पुन्हा आपटायचं, हाताला रबरासारखी ओढ लागेपर्यंत. मग त्यातला गोळा ओल्या हातावर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा, झुलवता झुलवता तो कोपरापर्यंत लोंबतो, आणि लोंबता लोंबताच तो चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायचा. लाटणं नाही, तवा नाही. मिनिटभरात रुमालासारखी घडी होते. माझी माय ही रोटी अशी करायची की तिच्यातून पलीकडचा माणूस दिसावा. लग्न असलं की आर्वीपासून आष्टीपर्यंतची माणसं तिला न्यायला यायची.

माय मूळची नागपूरची. तिथल्या गिरणीमागच्या वस्तीत जन्मली, वाढली. बाला, म्हणजे माझ्या बापाला, पुलगावच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळालं म्हणून ती इकडे आली. वकीलसाहेबांना शहराच्या जुन्या खाण्यापिण्यावर एक प्रकरण लिहायचं होतं, त्यासाठी ते त्या वस्तीत विचारत फिरले, आणि तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं, तो हात आता इथे नाही, तो पुलगावला गेला.

असे ते आमच्या दारात आले. काळी टोपी, कोट, छत्री आणि बगलेत वही. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. चौथीनंतर शाळा सुटली होती, पण वाचायची हौस सुटली नव्हती. किराण्याच्या पुड्या सोडवून त्यांचे कागद मी वाचून काढायची. त्यामुळे खऱ्याखुऱ्या पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला पाहून मला तर देव आल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू? मी धावत जाऊन पाण्याचा गडवा आणला.

"नको नको," ते म्हणाले, "आत्ताच स्टेशनवर घेतलं."

मायने चूल पेटवली, मडकं चढवलं, पाच-सहा रोट्या टाकल्या. ते वहीत भराभर लिहीत होते. मायने एक रोटी घडी करून ताटलीत त्यांच्यापुढे ठेवली.

"माझी आज चतुर्थी आहे बाई," ते म्हणाले.

शेजारची काकू दाराशी उभी होती. ही काकूही नागपूरचीच, मायपेक्षा पाच-दहा वर्षांनी मोठी, गिरणीत रिळाच्या खात्यात होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "चतुर्थी तं काल झाली साहेब. गिरणीतल्या अर्ध्या बाया उपाशी होत्या, मले मालूम हाय."

साहेबांनी ऐकलंच नाही. वहीतल्या वहीत डोकं आणखी खाली घातलं. मग जाताना त्यांनी ती रोटी उचलली, म्हणजे हाताने नाही, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि म्हणाले, "ही अभ्यासासाठी नेतो."

अभ्यासासाठी! आजवर त्या रोटीने शेकडो पोटं भरली असतील, पण तिचा अभ्यास करायची बुद्धी कोणाला झाली नव्हती. पुढे तिचा काय अभ्यास झाला तो स्टेशनावरच्या कुत्र्यांना ठाऊक.

पण त्या दिवशी मी हे काही मनात आणलं नाही, कारण त्यांनी मायला एक प्रश्न विचारला होता आणि त्या प्रश्नाने मायचा चेहराच बदलून गेला होता. ते म्हणाले होते, "बाई, ही रोटी तुम्हाला कोणी शिकवली?"

जन्मात तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ती चुलीपासून उठली, हात पुसले, पदर नीट केला आणि उभी राहून सांगायला लागली.

"माह्या मायनं. लय मोठी बाई होती साहेब. पिलेगच्या साली सारं नागपूर खाली झालतं. लोकं गावाबाहेर रानात बांबूच्या तट्ट्याच्या झोपड्या बांधून राह्यले. तवा कोनापाशी ना परात, ना तवा. माह्या मायनं फुटलं मडकं पालथं घातलं अन् रोट्या टाकाले सुरुवात केली. मंग पलीकडच्या झोपड्यातले लोकं पाहाले लागले. मोठ्या घरचे लोकं साहेब. त्यायचे आचारी मेले नाईतं पळाले. लेकरं भुकेनं रडून राह्यले. आता आमच्या हातचं घ्यावं कसं? तं माह्या मायनं काय केलं, रोटी लांब, अजून लांब केली, अन् काठीवर टाकून तट्ट्यावरून पलीकडं धरली. काठीच्या त्या टोकाले त्यायनं उचलली. काठीले जात नाई न साहेब. दोन महिने तिनं तो मोहल्ला जगवला. म्हनून ही रोटी लांब हाय."

"काठीवर!" वकीलसाहेब म्हणाले. "वा. हे फार सुंदर आहे." आणि त्यांनी वहीत त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मी पाहिल्या.

मग मायने विचारलं, "तिचं नाव येईन काय साहेब पुस्तकात?"

"येईल की," ते म्हणाले. "का नाही येणार?"

मायने त्यांना नाव सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं बोलणं नाही. बा रात्रपाळीहून येवो की दिवसपाळीहून, माय त्याला सांगायची, "माह्या मायचं नाव पुस्तकात येते." बा म्हणायचा, "येऊ दे न मंग." त्याला काय, त्याच्या मायचं नाव कोणी मागितलं नव्हतं.

महिन्याभराने ते पुन्हा आले, या वेळी एक फोटो काढणारा घेऊन, आणि सोबत एक मडकं. आता या मडक्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आमचं मडकं चुलीवर वापरून वापरून काळं झालेलं, ते म्हणे फोटोत शोभणार नाही. म्हणून त्यांनी नागपूरच्या कुठल्याशा चित्रकाराकडून एक नवंकोरं मडकं रंगवून आणलं होतं. वर वेलबुट्टी, मोर, कमळ. आणि रंग कसला? दारं-खिडक्यांना देतात तो तेलरंग! शिकलेली माणसं हो. दोन-दोन पदव्या असलेली. तेलरंग दिलेलं मडकं चुलीवर चढवायला सांगत होती.

"साहेब, हे जळन," माय म्हणाली.

"नाही हो जळत, पक्का रंग आहे."

चढवलं. आधी मोराची शेपटी फुगली, मग कमळ वितळलं, आणि मग असा धूर निघाला की फोटोवाला छातीवर हात मारत अंगणात पळाला. त्यावर टाकलेल्या रोटीला हिरव्या रंगाचा ठसा लागला. काकू बाहेरून ओरडली, "काय शिजून राह्यलं वं? मोर?" शेवटी विस्तव विझवला, आणि मायने थंड मडक्यावर रोटी टाकायची आणि त्यांनी फोटो काढायचा, असं ठरलं. थंड मडक्यावर ती रोटी ओल्या फडक्यासारखी घसरत होती. माय आयुष्यात कधी इतकी लाजली नव्हती. तिच्या हातून रोटी पडताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि आता तिचा फोटो निघत होता. पण तिने सगळं सोसलं, कारण तिला वाटत होतं, हे आपल्या मायसाठी चाललं आहे.

"चेहरा जरा बाजूला करा बाई," फोटोवाला म्हणाला. तिने केला.

पुढचं वर्ष वाट पाहण्यात गेलं. आणि मग एक दिवस टपालाने पुस्तक आलं. पहिल्या पानावर "सप्रेम भेट" असं लिहिलेलं होतं. हे मात्र त्यांनी पाठवलं. माणुसकीची तेवढी एक तिरीप त्यांच्यात होती म्हणायची. बाकी असं की ज्या घरातलं पाणी चालत नाही त्या घरात पुस्तक चालतं, कारण ते पोस्टमनच्या हातून जातं. पोस्टमन म्हणजे त्यांची काठीच की!

दिवसपाळीचा भोंगा झाला, बाया घरी आल्या, आणि आमच्या ओट्यावर बैठक जमली. काकू आली, तिच्याबरोबर रिळाच्या खात्यातल्या आणखी चार-पाच जणी आल्या. जवळजवळ सगळ्यांची माहेरं नागपूरची. माय मधोमध बसली. तिने ते पांढरं लुगडं नेसलं होतं. मी पुस्तक मांडीवर घेतलं.

"पहिल्यापासून वाच," माय म्हणाली. "मधातून नको. मान राखून वाच."

मी पहिल्यापासून वाचलं. राजे, राजांचे बाप, राजांचे हत्ती. मग तळ्याचं प्रकरण आलं. अमुक दानशूराने लोकांच्या कल्याणासाठी हे तळं बांधलं, असं काहीसं होतं.

"त्यानं बांधलं?" काकू म्हणाली. "कुदळ कोनापाशी होती, विचार त्याले. माह्या सासूनं त्या तळ्याची माती वायली. नववा महिना असून वायली. तिथीच काठावर बाळंत झाली, अन् तिसऱ्या दिवशी पुन्हा टोपलं डोक्यावर. त्या पोराले आम्ही अजून तलाव्या म्हनतो. पाह्य, तलाव्या हाय काय त्यात?"

मी पान उलटून पाहिलं. नव्हता.

मग सभागृहाचं प्रकरण आलं. दगडी पायऱ्या, मोठमोठी व्याख्यानं, थोर थोर वक्ते. रिळाच्या खात्यातली एक जण म्हणाली, त्या पायऱ्यांचे दगड माझ्या बापाने घडवले, आणि सभागृह उघडलं त्या दिवशी बाप नवं धोतर नेसून गेला, तर दरवानाने त्याला त्याच्याच पायरीवरून खाली उतरवलं. "कोनती पायरी घट्ट, कोनती हालते, ते माह्या बापाले ठावं होतं," ती म्हणाली. "चौथी हालते. लिवलं हाय काय?"

हेही नव्हतं.

"वक्ते लोकं चौथीवर पडत असन न," काकू म्हणाली, आणि सगळ्या ओट्यावर हशा पिकला.

असं ते वाचन चाललं. एका दिवसात कसलं संपतंय? रोज भोंगा झाला की बैठक. मी एक ओळ वाचायची आणि बाया दहा ओळी बोलायच्या. मी आता सांगते, त्या पुस्तकापेक्षा ते ऐकायला शंभर पट चांगलं होतं. संत्र्याच्या बाजारात माल पारखणारी एक आंधळी बाई होती, नुसत्या सालीवर बोट फिरवून गोड की आंबट सांगायची, व्यापारी तिच्यावाचून बोली लावत नसत. नागपुरात पहिल्यांदा नळ आले तेव्हा नळाचं पाणी सगळ्या जातींना एकच मिळतंय, त्याचा विटाळ होईल म्हणून काही मोठ्या घरांनी वर्षभर विहिरीचंच पाणी ओढलं. हे सगळं त्या बायांनी बसल्या बसल्या सांगितलं. वकीलसाहेबांना इतकी वर्षं त्या शहरात राहून यातलं एक सापडलं नव्हतं. सापडायला विचारावं लागतं, आणि विचारायला खाट-बाज सोडून खाली बसावं लागतं.

मायला मात्र या गमतीत रस नव्हता. प्रत्येक प्रकरण संपलं की ती म्हणायची, "आली काय?"

"नाई माय."

"येईन. वाच."

शेवटी खाण्यापिण्याचं प्रकरण आलं. माय सावरून बसली. काकूने सगळ्यांना गप्प केलं. मी वाचलं. आणि मला वाटतं मी तेव्हा पहिल्यांदा एखादी ओळ वाचून थांबले, आणि पुढची वाचावी की नाही असं मला झालं.

त्यांनी लिहिलं होतं, की ही मलमली पोळी (आमच्या रोटीचं नावही बदललं होतं) राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मली. खास आचारी ती करीत. आणि भोजनाच्या वेळी सेवक ती चांदीच्या काठीवर टाकून महाराजांसमोर पेश करीत असत.

काठी चांदीची झाली होती. तट्टा, झोपडी, पिलेग, भुकेली लेकरं, सगळं धुऊन पुसून काढलं आणि काठी तेवढी ठेवली, कारण ती "फार सुंदर" होती.

सोबत फोटो होता. मडक्यावरचा मोर आणि त्यावर दोन हात. हातांच्या वर काही नाही, कापलेलं. खाली छापलं होतं, "राजवाड्यातील पाककलेचा नमुना."

काकूने पुस्तक ओढून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो पाहता येत होता. "हे तं तुहे हात हाय," ती मायला म्हणाली. "हा चट्टा पाह्य. त्या वर्षी तेल उडालतं तो."

मायने पुस्तक परत माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "पुढं असन. वाच."

पुढे अजून साठेक पानं होती. तिने मला ती सगळी वाचायला लावली. कापडबाजार, मंदिरं, तालमी, नाटकमंडळ्या. बाया एकेक करून यायच्या थांबल्या, त्यांनी आपापलं मत करून घेतलं होतं. शेवटच्या दोन दिवशी ओट्यावर मी आणि मायच होतो. शेवटच्या पानावर आभार होते. कागदवाल्याचे आभार, छापखान्याचे आभार, फोटोवाल्याचे आभार, रेल्वेच्या एका अधिकाऱ्याचेही आभार. मी तेही मोठ्याने वाचले. आजी कुठेच आली नाही.

"बंद कर," माय म्हणाली.

त्यानंतर तिने त्या माणसाचं नावही काढलं नाही. पुस्तक फळीवर पडून होतं, मीच तेवढं ते एकदा पुन्हा वाचून काढलं. आणि मग दुसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी, वकीलसाहेब आमच्या दारात उभे! टोपी हातात, घामाने निथळलेले. खाटेवर बसले. वर्तमानपत्र विसरले होते की काय कोण जाणे, तसेच बसले.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे पुण्याचे, मोठे वाचनवेडे. त्यांनी हे पुस्तक वाचलं होतं. आणि त्यांनी निरोप धाडला होता की हुंडा-मानपान काही नको, आम्ही सुधारलेले आहोत, फक्त पंगतीला ती राजवाड्यातली मलमली पोळी हवी. चांदीच्या काठीवर.

मी हसू दाबायला आत गेले आणि आतूनच कान दिला.

"नागपुरात चौकशी केली हो," ते म्हणत होते, "पण तो हात कोणाचा नाही. आमच्या आचाऱ्याने करून पाहिली, ती चामड्यासारखी झाली. तुम्हाला यावंच लागेल बाई. मागच्या अंगणात आडोसा करून देऊ. तुम्ही फक्त करायच्या, वाढणारे आमचे असतील."

माय म्हणाली, "माह्या मायचं नाव पुस्तकात नाई आलं."

"ते... जागेअभावी. दुसऱ्या आवृत्तीत नक्की."

"मंग पंगतीत घ्या."

"काय?"

"पंगत बसली का उभं राहून सांगा. का ही रोटी अमक्या नावाच्या बाईची हाय, पिलेगच्या सालची हाय, अन् तिची पोरगी मागच्या अंगनात बसून करून राह्यली हाय. एवढं सांगा. मी येतो."

वकीलसाहेबांचा आवाज खाली गेला. "बाई, तुम्ही समजून घ्या. असं सांगितलं तर लोक पंगतीतून उठून जातील हो."

एव्हाना काकू आलीच होती. तिला या घरात कोणी आलं की वास लागायचा. ती म्हणाली, "उठू द्या न. उपाशी उठतील. आम्ही बसू मंग त्या पाटावर. तुमचे पाट खाली राह्यचे नाई, भेव नका."

"काकू, गप बसा," मायने तिला म्हटलं. ती हसत नव्हती. तिने साहेबांकडे पाहिलं आणि थांबली. मला आजही वाटतं, तो माणूस त्या क्षणी हो म्हणाला असता तर माय गेली असती. पाचशे रोट्या केल्या असत्या, हात भाजून घेतले असते, काही न मागता. तिला तेवढं एकच हवं होतं.

साहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं. त्यांना फळीवर ते पुस्तक दिसलं. त्यांचा चेहरा उजळला. ते उठले, पुस्तक काढलं, खिशातून पेन काढलं, ते पान उघडलं, आणि समासात काहीतरी लिहिलं. मग पुस्तक मायपुढे धरलं.

"हे घ्या. झालं? आता तर आलं की नाही नाव?"

मायने मला हाक मारली. "काय लिवलं, वाच."

मी वाचलं. आजीचं पूर्ण नाव होतं. अक्षर फार सुरेख होतं. खाली "यांच्याकडून ही पाककला प्रचारात आली" असंही होतं, आणि शेजारी त्यांची सही.

मायने ते पान बराच वेळ पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने त्या नावावरून बोट फिरवलं, शाई ओली होती, ती बोटाला लागली. मग तिने पुस्तक मिटलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"तिचं नाव या घरात सर्वायले मालूम हाय साहेब," ती म्हणाली. "इथी लिवून काय होते? हे घेऊन जा. अन् बाकीचे पुस्तकं ज्यायच्या ज्यायच्या घरी गेले असन, त्यायच्या घरी जा अन् असंच लिवून या. लगीन व्हायले टाईम हाय अजून."

काकूला ठसका लागला. साहेब लालेलाल झाले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मायने मला म्हटलं, "पोरी, साहेबाले पानी दे," आणि मी गडवा पुढे केला. ते गडव्याकडे पाहत राहिले. ऊन इतकं होतं की अंगणातलं कुत्रंही रांजणाच्या सावलीला बसलं होतं. त्यांचा घसा कोरडा पडलेला मला दिसत होता.

"गाडीची वेळ झाली," ते म्हणाले, आणि बगलेत पुस्तक मारून उन्हात निघून गेले.

गाडी दोन तासांनी होती. पुलगावात राहणाऱ्या सगळ्यांना ती वेळ पाठ होती.

त्या लग्नात काय वाढलं गेलं, पुण्याच्या लोकांनी काय खाल्लं, ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि मायने विचारलंही नाही. ती आत गेली, आणि परवा आर्वीला होणाऱ्या एका लग्नाचं पीठ गाळायला बसली. मी मात्र रुसून तिथेच उंबऱ्यावर बसले.

"तुले काय झालं वं?" माय म्हणाली.

"पुस्तक काऊन देऊन टाकलं? मले वाचाले काईच राह्यलं नाई आता."

"दोनदा वाचलं न तू ते? मायचं नाव होतं काय?"

"नाई."

"मंग," ती म्हणाली, आणि फडकं झटकून माझ्या हातात त्याचं दुसरं टोक दिलं.